सापाच्या पेटीतील तापमान-प्रोबची बांधणी

पाळीव सापाच्या पेटीतले तापमान मोजणारा किंवा हीटरला ताब्यात ठेवणारा प्रोब सापाला इजा होणार नाही आणि साप त्याला हलवू शकणार नाही अशा रीतीने बसवण्याची पद्धत. प्रोब म्हणजे लांब वायरच्या टोकाला असलेला, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या टोपीतला सेन्सर. त्याची वायर थर्मोस्टॅटला जोडलेली असते आणि प्रोब जे तापमान सांगेल त्यावर हीटर चालू-बंद होतो. ठाणे आणि नवी मुंबईत घरी साप पाळणाऱ्यांकडे मुख्यतः बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या परदेशी जाती दिसतात. नाग, धामण, अजगर असे देशी साप घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे; येऊरच्या किंवा पारसिकच्या डोंगराकडून सोसायटीत शिरलेला साप सर्पमित्राकरवी वनविभागाकडेच जायला हवा. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. त्यामुळे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या, याच अधिनियमाच्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारी नोंदणी आवश्यक ठरली असून ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही. म्हणून पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवतात. बॉल पायथनसाठी उबदार बाजू साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 25 ते 27 अंश असावी लागते; कॉर्न स्नेकला दोन्हीकडे याहून दोन-तीन अंश कमी चालते. हे आकडे थर्मोस्टॅटवर लावणे सोपे आहे. पण प्रोब जिथे असेल तिथलेच तापमान थर्मोस्टॅटला कळते, साप कुठे बसला आहे हे त्याला ठाऊक नसते. महागडा थर्मोस्टॅट घेऊन प्रोब नुसता कोकोपीटवर (तळाशी पसरलेल्या नारळाच्या भुश्यावर) टाकून ठेवलेली पेटी ही साध्या थर्मोस्टॅटच्या, पण प्रोब पक्का बसवलेल्या पेटीपेक्षा जास्त धोकादायक असते.

धोका कसा उभा राहतो ते पाहण्यासारखे आहे. रात्री साप पेटीभर फिरतो, वायरखाली डोके घालतो आणि अंगाच्या जोरावर प्रोब उचकटून थंड बाजूला लोटतो. तिथे 26 अंश असतात. थर्मोस्टॅट 32 ची वाट पाहत राहतो आणि हीट मॅट, म्हणजे पेटीखालची तापणारी चटई, पूर्ण ताकदीने तापत राहते. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला किंवा सापाच्या मूत्राने भिजला तरी बाष्पीभवनाने तो थंड होतो आणि परिणाम तोच होतो. खालून लागणाऱ्या चटक्यापासून साप वेळेत बाजूला होतोच असे नाही. पोटाचे खवले लाल होणे, फोड येणे, पुढे त्यात जंतुसंसर्ग होणे हा क्रम सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या परिचयाचा आहे.

वायर तुटल्यावर काय होते तेही सेन्सरच्या जातीवर ठरते. नेहमीच्या कंट्रोलरमध्ये (म्हणजे थर्मोस्टॅटमध्ये) 10 किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा सेन्सर, असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. म्हणून तुटलेली वायर म्हणजे अपार रोध, आणि तो कंट्रोलरला कडाक्याच्या थंडीसारखा दिसतो. एसटीसी-1000 सारखा कंट्रोलर अशा वेळी चूक दाखवून हीटर बंद करतो. चूक ओळखण्याची सोय नसलेले मॉडेल घेऊ नये. प्रोबच्या आत पाणी शिरले तर उलट घडते, रोध घटतो, प्रोब खोटी गरमी दाखवतो आणि साप गारठतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून डीएस18बी20 हा डिजिटल सेन्सर आणून स्वतः कंट्रोलर बनवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या सेन्सरची वायर निघाली की प्रचलित प्रोग्रॅम-लायब्ररी (सेन्सर वाचण्यासाठी मिळणारा तयार कोड) उणे 127 हा आकडा देते. तो आकडा चूक म्हणून वगळायला प्रोग्रॅमला शिकवले नसेल, तर हीटर कधीच बंद होणार नाही.

प्रोब चिकटवायला सर्वांत आधी हात जातो तो टेपकडे, आणि पेटीच्या आत कोणतीही टेप नसावी हा या विषयातला सर्वांत कडक नियम आहे. इन्सुलेशन टेप, सेलोटेप, डबल टेप, ॲल्युमिनियम टेप, कशालाही सूट नाही. उबेने आणि दमटपणाने टेपचा गोंद मऊ होतो, कडेने बाहेर पाझरतो, कोपरा सुटतो. कात टाकण्याच्या दिवसांत साप खरखरीत काहीतरी शोधत तोंड घासत फिरतो आणि नेमका त्या कोपऱ्याशी येतो. खवल्यांच्या कडा शेपटीकडे वळलेल्या असल्याने गोंद त्यांच्याखाली शिरतो. साप सुटायला पिळवटतो आणि आणखी गुंडाळला जातो. अशा वेळी टेप ओढली तर खवल्यांसह कातडी निघते. खाद्यतेल कापसाच्या बोळ्याने टेपच्या कडेवर लावत, गोंद सैल होऊ देत, डोक्याकडून शेपटीकडे सावकाश सोडवावे. टेप डोळ्याशी किंवा तोंडाशी असेल, कातडी फाटली असेल, तर लगेच पशुवैद्याकडे जावे.

जागा हीटरवर ठरते. पेटीच्या तळाखाली हीट मॅट असेल, तर थर्मोस्टॅटचा प्रोब आत नेऊच नये. तो मॅट आणि तळाच्या काचेमध्ये, बाहेरच्या बाजूने बसवावा. इथे ॲल्युमिनियम टेप खुशाल वापरावी, कारण साप तिथे पोचत नाही. काचेतून वर येईपर्यंत तापमान काही अंशांनी उतरते. हा फरक काच, प्लास्टिक आणि प्लायवूड यांत वेगवेगळा असल्याने आतला तळ स्वतंत्र थर्मामीटरने मोजूनच थर्मोस्टॅटचा आकडा ठरवावा. साप कोकोपीट उकरून थेट काचेवर बसतो, म्हणून मोजमापही उघड्या काचेवरचे घ्यावे. वरून तापवणारा सिरॅमिक हीटर किंवा रेडियंट पॅनेल असेल, तर मात्र प्रोब आत लागतो. तो उबदार बाजूच्या भिंतीवर, साप वेटोळे घालून बसल्यावर त्याची पाठ जिथवर येते त्या उंचीवर लावतात. वेटोळ्याखाली दबेल अशा जागी तो नको.

आतली पकड यांत्रिक हवी. प्लायवूडच्या किंवा पीव्हीसी बोर्डच्या पेटीत स्क्रूने बसणारी केबल क्लिप पुरते. प्लास्टिकच्या टबला दोन बारीक भोके पाडून केबल टाय ओवावा, त्याची गाठ आणि कापलेले टोक बाहेर ठेवावे. कापलेला टाय ब्लेडसारखा धारदार असतो. काचेच्या पेटीत मत्स्यपेटीसाठीचा सिलिकॉन वापरतात. त्याचा थेंब वायरवर द्यायचा, प्रोबच्या टोकावर नाही, आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत साप पेटीत सोडायचा नाही. बाथरूमचा बुरशीरोधक सिलिकॉन नको. सक्शन कप कोकणच्या दमट हवेत टिकत नाहीत, ग्लू गनचा गोंद गरम पृष्ठभागावर मऊ पडतो.

वायर ज्या भोकातून आत येते त्याला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) बसवावा आणि उरलेली फट सापाच्या डोक्यापेक्षा लहान असावी. कॉर्न स्नेकचे पिल्लू पेन्सिलीएवढ्या जागेतून निसटते. आत वायरचा सैल फास राहू देऊ नये, ती कोपऱ्याला लागून जावी. बाहेर ती प्लगकडे जाण्याआधी खाली झुकवून मग वर न्यावी. म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी 230 व्होल्टच्या बोर्डात न जाता खालच्या वळणावर गळते. जिवंत उंदीर खाद्य म्हणून सोडले तर ते वायर कुरतडतात, हे एक वेगळे कारण त्या सवयीविरुद्ध आहेच.

ठाण्या-नवी मुंबईतल्या हवेचा स्वतःचा हिशेब आहे. मे महिन्यात बंद खोली 33-34 अंशांवर जाते, तेव्हा हीटर बंद राहणे महत्त्वाचे आणि तेही प्रोबच ठरवतो. त्याच घरात रात्री एसी 24 वर लावला की पेटीच्या जाळीशी लावलेला प्रोब एसीचा झोत मोजू लागतो. पावसाळ्यात, त्यातही खाडीजवळ, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. प्रोब आणि दुसरा थर्मामीटर चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून ढवळले, तर दोघांनी शून्याच्या आसपास आकडा दाखवायला हवा. पावसाळा सरल्यावर ही तपासणी जरूर करावी. एरवी पेटी साफ करताना दर वेळी क्लिप बोटाने ओढून पाहायची आणि आतल्या स्वतंत्र थर्मामीटरचा आकडा थर्मोस्टॅटशी ताडायचा. दोघांतला नेहमीचा फरक अचानक बदलला, तर हीटर बंद करून आधी प्रोब कुठे आहे ते पाहावे.