वांगावर लिंबू? डाग उलट गडद होतात

इंदूरच्या मराठी घरांत वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर, लिंबू चोळायचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. कृपा करून चोळू नका. रसाचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे तो खूपच आम्लधर्मी, त्वचा चुरचुरते. शिवाय लिंबातल्या, विशेषतः सालीतल्या फ्युरोकुमारिन या रसायनांवर ऊन पडलं की त्वचा भाजते आणि उरलेले काळे चट्टे महिनोन्‌महिने जात नाहीत.

वांगावर ज्येष्ठमधही सुचवतात; त्याचं मात्र खरं आहे. त्यातलं ग्लॅब्रिडिन हे द्रव्य, त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे सियागंज बाजारातून आणलेली पूड गुलाबपाण्यात कालवून फारसं काही होत नाही. अर्काचं तयार क्रीम घ्या, आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. साचलेला रंग ते पुसत नाही, नवा बनणं मंदावतं. म्हणून ८ ते १२ आठवडे धरा, सोबत रोज एसपीएफ ३० चं सनस्क्रीन.