पाठीवरची बॅटरी आणि भरकटलेली उत्तर

एआर, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाची चित्रं चढवणाऱ्या चष्म्याच्या जाहिरातीत समोरच्या इमारतीवर तिचं नाव कसं अलगद तरंगतं! दिवाणखान्यात असली करामत बऱ्यापैकी जमते. मोकळ्या आवारात मात्र चष्म्याला आधी कळावं लागतं, की डोकं नेमकं कुठल्या दिशेला वळलंय. तिथे एका अंशाची चूक झाली, की शंभर मीटरवरची पाटी पावणेदोन मीटर सरकते.

1997 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर आणि सहकाऱ्यांनी ‘टूरिंग मशीन’ हा अंगावर वागवायचा एआर संच बनवला. संगणक, जीपीएस, बॅटऱ्या असा सुमारे 18 किलोंचा संसार पाठीवर. पुढे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला, ब्रूस थॉमस आणि वेन पिकार्स्की यांच्या गटाने ‘टिनमिथ’ हा असाच संच उभा केला आणि 2000 साली ‘क्वेक’ हा राक्षस मारायचा संगणकावरचा खेळ थेट विद्यापीठाच्या आवारात आणला. वजनाबद्दल सगळेच बोलतात. मला मात्र तारांचं कौतुक जास्त.

मान झटकन वळली तर जायरोस्कोप ते टिपतो, पण त्याची चूक हळूहळू साचत जाते. ती सुधारायला चुंबकमापक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र लागतं. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा, म्हणजे जमिनीला समांतर भाग मोजतं आणि त्यावरून उत्तर दिशा ठरवतं. हा भाग मुंबईत साधारण 39 मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं माप), तर ॲडलेडला जेमतेम 23, कारण तिथे क्षेत्ररेषा जमिनीशी जास्त तिरक्या असतात. 

आता दहावीतला उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आठवा. बॅटरीच्या सरळ तारेतून 2 अँपिअर धारा वाहत असेल, तर 10 सेंटिमीटरवर तिचं क्षेत्र 4 मायक्रोटेस्ला भरतं. ते नेमकं आडवं, पूर्व-पश्चिम पडलं, तर ॲडलेडला उत्तर जवळजवळ 10 अंशांनी ढळते, मुंबईत सहाएक. शंभर मीटरवरचा राक्षस 17 मीटर बाजूला!

मग एकदा मोजून ही चूक वजा का करू नये? लोखंडी स्क्रू चुंबकित झाला असेल तर तसं करता येतं, कारण त्याचं क्षेत्र संचासोबतच फिरतं आणि बदलत नाही. धारेचं तसं नाही. संगणकावर काम वाढलं की ती वाढते, त्याबरोबर चूकही. उपाय फुकटचा आहे: जाणारी आणि परतणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यायची. दोन्हींतल्या धारा उलट दिशेच्या, त्यामुळे त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. शिवाय चुंबकमापक डोक्यावर, बॅटऱ्या कमरेला.

रस्त्याकडेच्या मोटारी आणि काँक्रीटमधल्या सळ्यांपुढे मात्र पिळाचं काही चालत नाही. तिथे कॅमेऱ्याने इमारतीच्या कडा ओळखून दिशा सुधारावी लागते.