मेस्किट मारायचं तर आधी मातीचा ताप बघा

टेक्सासच्या कुरणांत मेस्किट नावाचं काटेरी झाड माजलंय. आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं हे चुलत भावंड, आणि खोडही तीच: तोडलं की एकाच्या जागी अनेक फुटवे. बुंध्याच्या जमिनीखालच्या भागात फुटव्यांचे डोळे दडलेले असतात. वर कुऱ्हाड चालवा नाहीतर आग लावा, ते शाबूतच.

दाट मेस्किटखाली गवताला ना ऊन मिळत ना पुरेसं पाणी. म्हणून तिथे क्लोपायरॅलिड आणि ट्रायक्लोपायर या तणनाशकांचं मिश्रण फवारतात. रुंद पानांच्या झाडांची वाढ त्यानं बेताल होते आणि ती मरतात. गवत बहुतेक सुखरूप राहतं.

अडचण अशी की औषध पडतं पानावर आणि मारायचे डोळे असतात मातीत. ते खाली नेणार कोण? झाडच! वसंतात कोवळी पालवी फुटते तेव्हा मुळांत साठवलेलं अन्न वर चढत असतं. तेव्हा फवारलं तर पानं करपतात आणि बुडातून पुन्हा फूट येते. पानं गर्द हिरवी होऊन स्वतः बनवलेली साखर खाली धाडू लागली की तिच्यासोबत औषधही उतरतं. ही वेळ कॅलेंडरवर सापडत नाही. तिथले पशुपालक १२ इंच खोल मातीत थर्मामीटर खुपसतात आणि तापमान २४ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच फवारतात. मध्येच पाऊस होऊन शेंड्यांना पोपटी पालवी आली, तर पुन्हा थांबायचं.

झाडं थोडी आणि गुळगुळीत सालीची असली तर पानांच्या वाटेला जात नाहीत. डिझेलमध्ये १५ टक्के ट्रायक्लोपायरयुक्त तणनाशक मिसळून बुंध्याचा खालचा फूटभर भाग चोहोबाजूंनी भिजवतात.

पूर्वी या कामाला २,४,५-टी हे तणनाशक सर्रास वापरत. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंज या मिश्रणाचा हा अर्धा भाग, आणि त्यात डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाची अशुद्धी. अमेरिकेत १९८५ मध्ये ते पुरतं बंद झालं, बरंच झालं.

मेस्किट मूळचं तिथलंच, पण ते एवढं फैलावण्यात गुरांचाच मोठा हात. गोड शेंगा खायच्या आणि टणक बी शेणातून दूरवर टाकायचं! त्यात अतिचराईनं गवत संपलं, वणव्याला जळण उरलं नाही आणि कोवळी रोपं वाचली. त्यामुळे फवारणीनंतर कुरणाला विश्रांती न देता गुरं सोडली तर, माझ्या मते, औषधाचा खर्च पाण्यातच. सरसकट सगळी झाडंही कुणी मारत नाही. हरणांच्या शिकारीसाठी जमीन भाड्यानं देऊन अनेकांना चांगलं उत्पन्न मिळतं, आणि हरणांना आडोसा लागतोच.