टांग्यातून सोडवलेला घोडा ‘शिकलेला’ नसतो

सोलापुरात सोडवलेला टांग्याचा घोडा दत्तक घेताना हमखास ऐकू येतं: हा शिकलेलाच आहे, आठवडाभर हरभरा खायला द्या आणि खोगीर घाला. दोन्ही चूक.

उपासमारीनं हाडं निघालेल्या घोड्याला एकदम दाणा दिला, तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं उतरतं, हृदय बंद पडू शकतं. पहिले 3 दिवस दर 4 तासांनी अर्धा किलो वाळलेला लसूणघास द्या, समोर कायम पाणी ठेवा. पुढं हळूहळू वाढ, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ज्वारीची हिरवी कोवळी ताटं मात्र कधीच नकोत, विषबाधा होते.

टांग्याच्या घोड्याला लगामाची ओढ कळते. पाठीवरचा माणूस, बरगडीला लागणारी टाच नवी असते. झापडं काढली की मागचंही दिसतं, तो बुजतो. म्हणून अंग भरल्यावर आधी नुसत्या मोरकीवर (तोंडाभोवतीच्या दोरीवर, लगामाशिवाय) चालणं-थांबणं, रोज 15 मिनिटं, ऊन चढायच्या आत.