कुकर जानेवारीत, हिशेब एप्रिलपासून: सीमाभागातल्या निवडणूक खर्चाची पार्श्वभूमी

जानेवारी 2023 मध्ये बेळगाव ग्रामीण मतदारसंघातल्या एका सभेत एका माजी मंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की, समोरच्यांनी दिलेला कुकर, मिक्सर आणि पुढे येणाऱ्या भेटवस्तू मिळून तीन हजारांचा माल होईल. आम्ही सहा हजार दिले नाहीत तर आम्हाला मत देऊ नका. त्यांच्याच पक्षाने या बोलण्यापासून हात झटकले. महिनाभर चर्चा चालली आणि विषय मागे पडला. चीड आणणारे बोलणे होतेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट चर्चेत फारशी आलीच नाही. त्या महिन्यात वाटलेला एकही कुकर कोणत्याही उमेदवाराच्या खर्चात धरला जाणार नव्हता. तो कायद्याने धरता येत नाही.

तारखा पाहा. कर्नाटकच्या 2023 च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा 29 मार्चला झाली आणि त्याच दिवशी आचारसंहिता लागली. अधिसूचना 13 एप्रिलला निघाली, अर्ज भरण्याची शेवटची तारीख 20 एप्रिल होती, मतदान 10 मे रोजी झाले. उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा होती, पण तिचा मीटर अर्ज भरला त्या दिवशी सुरू होतो. घोषणेपासून अर्ज भरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे आचारसंहितेत येतात, खर्चाच्या हिशेबात नाही. त्याआधीचे हळदीकुंकू, दिवाळीचे डबे, देवदर्शनाच्या बस, क्रिकेट स्पर्धांची बक्षिसे तर दोन्हींच्या बाहेर. सीमाभागात मतदार आणि पुढारी यांच्यातला पैशाचा व्यवहार मुख्यतः या मोकळ्या काळात होतो. हा काळ मोकळा कसा झाला, ते समजून घ्यायला हवे.

1956 मध्ये चंदगड वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, हे सांगायला नको. त्यानंतरची कित्येक वर्षे इथल्या मराठी भागातली निवडणूक एकाच प्रश्नावर, महाराष्ट्रात जाण्याच्या, लढली जाई. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार लोकवर्गणीवर उभा राही, गावची तालीम आणि मंडळे प्रचार अंगावर घेत. पैसा तेव्हाही लागायचा, पण तो गावातून उमेदवाराकडे जायचा.

मूळ लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन गोष्टी होत्या. कलम 77 नुसार खर्चाची मोजणी अधिसूचना निघाल्यापासून निकालापर्यंत होई. आणि कलम 79 मधली उमेदवाराची व्याख्या बरीच रुंद होती: निवडणूक समोर दिसत असताना माणूस भावी उमेदवार म्हणून वावरू लागला, की तेव्हापासूनच तो उमेदवार. म्हणजे अर्ज भरायच्या दोन महिने आधी त्याने मतांसाठी साड्या वाटल्या, तर तो भ्रष्ट आचार, म्हणजे निवडणूक रद्द करायला पुरेसे कृत्य, ठरू शकत होता.

पहिला धक्का 1974 मध्ये बसला. दिल्लीतल्या एका लोकसभा मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये निकाल दिला की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला आणि उमेदवाराने मुकाट्याने स्वीकारलेला खर्च उमेदवाराचाच धरला पाहिजे. नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. तो महिना संपायच्या आत सरकारने अध्यादेश काढला आणि कलम 77 ला एक स्पष्टीकरण जोडले: पक्षाने, संघटनेने किंवा कुणा तिसऱ्याच माणसाने केलेला खर्च उमेदवाराचा नाही. एका वाक्याने निकाल पुसला गेला.

दुसरा धक्का पुढच्याच वर्षी. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तत्कालीन पंतप्रधानांची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. एका सरकारी अधिकाऱ्याची प्रचारासाठी मदत घेतली, हा त्यातला एक मुख्य ठपका. पण तो टिकण्यासाठी त्या नेमक्या कधीपासून उमेदवार होत्या, हे ठरवणे भाग होते. उच्च न्यायालयाने 29 डिसेंबर 1970 ही तारीख धरली, अर्ज मात्र 1 फेब्रुवारी 1971 चा होता. सगळा खटला या मधल्या महिन्याभरावर येऊन ठेपला. अपील सर्वोच्च न्यायालयात असतानाच, ऑगस्ट 1975 मध्ये, संसदेने व्याख्या बदलली. उमेदवार म्हणजे ज्याने रीतसर अर्ज भरला तोच, त्याआधी कुणी उमेदवार नाही. कलम 77 मधली मोजणीची सुरुवातही अधिसूचनेवरून अर्जाच्या तारखेवर आणली. बदल पूर्वलक्षी होता. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि निवडणूक शाबूत राहिली.

या कायदाबदलाला मी इतकी जागा देतो, कारण आणीबाणीतले इतर कितीतरी बदल पुढे मागे घेतले गेले, हा राहिला. नंतर आलेल्या कोणत्याही सरकारला तो बदलावासा वाटला नाही. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या निवडणूक खटल्यांतही सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ पक्की केली: अर्ज भरण्याआधीचे कृत्य भ्रष्ट आचार म्हणून पुढे करता येत नाही. एका खटल्यातून एका नेत्याला सोडवण्यासाठी ओढलेली ही रेघ आज उचगाव आणि निपाणीतल्या मतदाराच्या दारातून जाते.

1974 चे स्पष्टीकरण 2003 मध्ये अरुंद केले गेले. आता फक्त पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतो. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 प्रचारक देता येतात, इतर नोंदणीकृत पक्षांना 20. अपक्षाला एकही नाही. पक्षाच्या स्वतःच्या खर्चावर मर्यादा तेव्हाही नव्हती, आजही नाही.

मतदारांच्या रागाचा खर्चाच्या नियमांशी थेट संबंध एकदा बेळगावातच आला. 1985 मध्ये बेळगाव शहर विधानसभेसाठी 301 उमेदवार उभे होते. 1996 च्या लोकसभेला बेळगावात 456. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधायचे, मतपत्रिका छापताना प्रशासनाला घाम फोडायचा, हा त्यामागचा हेतू होता. त्या वर्षी नलगोंडा आणि तामिळनाडूतल्या मोडकुरिचीतही शेकड्यांनी अर्ज आले. उत्तर म्हणून त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 आणि विधानसभेची 250 वरून 5,000 झाली. अपक्षाला दहा सूचक लागू लागले. 456 जणांचा निषेध जुन्या दराने जास्तीत जास्त 2 लाख 28 हजारांत बसत होता, नव्या दराने तो 45 लाखांच्या घरात गेला. आज विधानसभेची अनामत 10,000 आणि लोकसभेची 25,000 आहे. मतपत्रिका आटोक्यात आली हे खरे. पण पैसेवाल्याची मर्यादा ढिली राहिली आणि पैसा नसलेल्याची वाट महाग झाली, हेही तितकेच खरे.

2008 च्या पुनर्रचनेत उचगाव आणि हिरेबागेवाडी हे मतदारसंघ गेले. उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण आले. 2013 मध्ये समितीचे दोन आमदार होते, 2018 आणि 2023 मध्ये एकही नाही. समितीतल्या फुटीची कारणे वेगळी आहेत, ती इथे नकोत. या लेखापुरते एवढेच की लोकवर्गणीची जागा संस्थांच्या पैशाने घेतली. जिल्ह्यात साखर कारखाने, सौहार्द सोसायट्या (कर्नाटकातल्या एक प्रकारच्या सहकारी संस्था), पतसंस्था, दूध संघ यांचे जाळे दाट आहे आणि बऱ्याच ठिकाणी संस्थेचा सूत्रधार आणि मतदारसंघाचा पुढारी एकच. उसाला तोड कधी मिळणार, बिल कधी जमा होणार, कर्जाचे नवे-जुने कोण करून देणार, या गोष्टी मताशी जोडायला पाकीट लागत नाही. संस्था हातात असणे किती मोलाचे, ते सप्टेंबर 2018 मध्ये दिसले. बेळगाव तालुक्याच्या पीएलडी (प्राथमिक भूविकास) बँकेच्या अध्यक्षपदावरून राज्यातले आघाडी सरकार हादरले होते.

वाटपाची पद्धत वर्षभर आधी सुरू होते. मतदारयादीच्या एका भागात साधारण हजार-बाराशे नावे असतात. ती घरवार लावतात, प्रत्येक घरावर खूण होते: आपले, काठावरचे, विरोधातले. बचत गट आणि स्त्रीशक्ती संघांच्या याद्या त्यावर बसवतात, कारण त्यांत फोन नंबर तयार असतो. वस्तू आधी जाते आणि रोख शेवटच्या दोन रात्रींत, तीही काठावरच्या घरांना आधी. मधला माणूस पैसे खातो, हे या यंत्रणेचे जुने दुखणे; म्हणून हल्ली थेट नोटांऐवजी चिठ्ठी किंवा कूपन देऊन ठराविक दुकानातून माल उचलायला सांगतात. एका गल्लीला मिळाले आणि दुसरीला नाही, की भांडण होते. मतदारांच्या वैतागाचा एक मोठा भाग पैसे वाटल्याबद्दल नसून आपल्याला वगळल्याबद्दल असतो, हे मान्य केले पाहिजे. त्याखाली दुसरा, जास्त खोल वैताग आहे: रस्ता, पाणी, उसाचे थकलेले बिल यासाठी पाच वर्षे कुणी फिरकत नाही, मग निदान हे तरी घ्या.

तपासणीची यंत्रणा 2010 नंतर कडक झाली, कागदावर तरी नक्कीच. उमेदवाराला स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. खर्चाच्या नोंदवहीत पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासून घ्यायची. अधिकारी समांतर छाया नोंदवही ठेवतात. चहा, खुर्ची, मंडप यांचे दर जिल्हा पातळीवर आधी ठरलेले असतात. दोन वह्यांत फरक आला तर नोटीस, उत्तराला 48 तास. अंतिम हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा. न दिल्यास कलम 10-अ खाली तीन वर्षांची अपात्रता. गडबड कुठे होते? जेवणावळ वाढदिवसाच्या किंवा जत्रेच्या नावावर लागते आणि यजमान तिसराच असतो. छाया वहीत तिची नोंद झाली, तरी ती उमेदवाराची आहे हे जोडणारा कागद सापडत नाही.

नाक्यांवरचे चित्र वेगळे. कोगनोळी, बाची, कणकुंबी इथे पथके बसतात, चोर्ला घाटातून येणारी गोव्याची दारू पकडली जाते. 50,000 रुपयांहून जास्त रोकड सापडली तर जप्त करायची, ही अट मुळात उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षकार्यकर्ता असलेल्या वाहनासाठी आहे. प्रत्यक्षात अडकतो तो कोल्हापूरहून येणारा भाजीचा व्यापारी किंवा निपाणीचा तंबाखूवाला. अशी रक्कम परत मिळवायला तीन अधिकाऱ्यांची जिल्हा समिती असते. गुन्हा दाखल नसेल तर बाजार समितीची पट्टी आणि बँकेतून पैसे काढल्याचा पुरावा दाखवून ती सोडवता येते. 2023 मध्ये राज्यभर साडेतीनशे कोटींहून जास्त ऐवज जप्त झाला, 2018 च्या चौपटीहून अधिक. तरीही नाक्यावरून जाणारा पैसा पकडणे सोपे, जानेवारीत गावात पोचलेला पकडणे अवघड.

लाचेचे कलम राहते. जुन्या दंडसंहितेचे 171-ब आणि 171-ई, आताच्या न्यायसंहितेचे 170 आणि 173. इथे देणारा उमेदवारच असला पाहिजे अशी अट नाही, तारखेचीही नाही. पण घेणाराही दोषी, त्यामुळे साक्षीला कुणी पुढे येत नाही. शिवाय गुन्हा अदखलपात्र आहे. पोलिसांना तपासाआधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती नीट न घेतल्याने प्रकरणे उच्च न्यायालयात रद्द झाल्याची उदाहरणे कर्नाटकात आहेत. तक्रार द्यायची असेल तर कूपन, वाटणारा माणूस आणि मत मागण्याचे शब्द हे तिन्ही एकाच चित्रीकरणात हवेत. नुसता कुकरचा फोटो काही सिद्ध करत नाही.

विधान परिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघात तर मर्यादाच नाही, कारण कलम 77 ची कमाल रक्कम फक्त लोकसभा आणि विधानसभेला लागू आहे. डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्या दोन जागांसाठी मतदार होते प्रामुख्याने ग्रामपंचायत सदस्य, आठ हजारांच्या वर. इतक्या थोड्या, नावानिशी माहीत असलेल्या मतदारांसाठी खर्चाची कमाल रक्कम कायद्यात लिहिलेलीच नाही.

2015 मध्ये विधी आयोगाच्या 255 व्या अहवालाने शिफारस केली की, खर्चाची मोजणी पुन्हा अधिसूचनेच्या तारखेपासून व्हावी, म्हणजे 1975 च्या आधी होती तशी. ती अजून कायद्यात आलेली नाही. आली असती, तर 2023 मध्ये मोजणी 13 एप्रिलला सुरू झाली असती, उमेदवार 20 तारखेला अर्ज भरत असेल तर आठवडाभर आधी. जानेवारीतला कुकर तेव्हाही बाहेरच राहिला असता. त्याला निदान भ्रष्ट आचारात धरायचे तर कलम 79 ची जुनी व्याख्या परत आणावी लागेल, आणि तशी मागणी सीमाभागातल्या कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात माझ्या पाहण्यात आलेली नाही.