उतरलेलं वजन, उरलेली कातडी आणि ‘कॉस्मेटिक’चा शिक्का

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे गोव्यात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ओळखीतलं कुणीतरी ती करून आलेलं असतंच. त्यानंतर जे उरतं, त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. चाळीस-पन्नास किलो वजन उतरलं तरी ताणली गेलेली कातडी मागे येत नाही. ती पोटावर, दंडांखाली, मांड्यांच्या आत लोंबत राहते. ती काढायला गेलं की कागदावर एक शब्द आडवा येतो, ‘कॉस्मेटिक’. हे टिपण मुख्यतः त्या शब्दाचं आहे.

प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना सुश्रुतापासून सुरुवात करायचा रिवाज आहे. तो इथे सोडून देऊ. पोटाची लोंबती कातडी आणि चरबी कापून काढल्याची सुरुवातीची एक नोंद 1899 सालची, अमेरिकेतली. एका बाईच्या पोटावरून सुमारे साडेसात किलो ऊतक काढलं गेलं. तिचं वजन मात्र आधी घटलेलं नव्हतं. पोटाचा भार कमी करणं एवढाच हेतू होता. वजन आधी उतरवायचं आणि कातडी नंतर काढायची, हा क्रम पुढे 1950 आणि 60च्या दशकांत आतडं, मग जठर वळवण्याच्या शस्त्रक्रिया आल्या तेव्हा शक्य झाला. कंबरेभोवती पूर्ण फेर धरून कातडी काढण्याचं तंत्र 1990च्या दशकात बसलं. त्याचा व्रण करगोटा बांधतात साधारण तिथेच राहतो.

नावांचा घोळही तेव्हापासूनचा. लोंबणारा पदर तेवढा कापून टाकणं ही पॅनिक्युलेक्टॉमी. त्यासोबत पोटाचे सैल स्नायू शिवणं आणि बेंबी नव्या जागी बसवणं ही ॲब्डॉमिनोप्लास्टी, म्हणजे बोलीत ‘टमी टक’. पहिली आजारासाठी, दुसरी दिसण्यासाठी, अशी वाटणी परदेशी विमा कंपन्यांनी केली आणि ती सोयीची म्हणून टिकली. ऑपरेशनच्या टेबलावर ही वाटणी इतकी स्वच्छ राहत नाही. ज्या पोटावरून दोन-तीन किलो कातडी काढायची, त्याचे स्नायू बहुधा आधीच फाकलेले असतात. फ्रान्सच्या सरकारी विम्याने निकष डोळ्यांना दिसणारा ठेवला. पदर जघनभाग निदान अंशतः झाकत असेल, तर पूर्वपरवानगी घेऊन खर्चाचा विचार होतो. निकष ओबडधोबड आहे, पण मोजता तरी येतो.

आपल्याकडे वाद आधी कराच्या दारातून आला. 2009 साली कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीवर सेवाकर लागला. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना वा क्रिया पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया त्यातून वगळली. 2017 साली जीएसटी आला तेव्हाही आरोग्यसेवेच्या करमाफीत जवळपास हीच भाषा राहिली. माफीत न बसणाऱ्यांना 18 टक्के. आता ही यादी वजन उतरलेल्या माणसाला लावून पाहा. व्यंग जन्मजात नाही, वाढीतला दोष नाही, कुणी मारलेलं नाही. कातडी ताणली गेली ती वर्षानुवर्षांच्या आजाराने, आणि सैल पडली ती त्या आजारावरच्या उपचाराने. यादीत उपचाराच्या परिणामांना खानाच नाही.

विम्याचं प्रकरण याहून विचित्र आहे. 2019 साली विमा नियामकाने आरोग्य पॉलिसींतल्या अपवादांची, म्हणजे कोणते खर्च मिळणार नाहीत त्या यादीची, भाषा देशभर एकसारखी केली. ऑक्टोबर 2020पर्यंत जुन्या पॉलिसीही त्यात आल्या. आज बहुतेक पॉलिसींच्या मागच्या पानांवर तोच मजकूर सापडतो. त्यातला सहावा अपवाद लठ्ठपणाचा, आठवा कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा. सहाव्याने दार किलकिलं केलं. वय किमान 18, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 40 किंवा त्याहून जास्त, अथवा 35 किंवा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. म्हणजे लठ्ठपणा हा आजार, हे मान्य झालं. दोन ओळी खाली आठवा अपवाद म्हणतो, रूप बदलणारी शस्त्रक्रिया मिळणार नाही. सूट फक्त अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला, अथवा प्रकृतीचा ‘थेट आणि तात्काळ’ धोका टाळण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचाराला, तेही डॉक्टरांच्या दाखल्यासह.

सगळं अडतं ते ‘तात्काळ’वर. कातडीच्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, चट्टे उठतात, चिरा पडतात, वास येतो. मलम लावलं की बरं वाटतं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत अशा आपल्या हवेत हे अधिकच. पाठ दुखते, चालताना मांड्या घासतात, वजन टिकवायला जो व्यायाम करायचा तोच नकोसा होतो. चवथीला पाटावर मांडी घालून बसणंही काहींना जमत नाही. हा धोका थेट आहे, पण उद्याच जीव जाईल असा नाही. कंपनीची भीती अगदीच खोटी नाही. दार उघडलं तर टमी टकचे दावेही त्यातून शिरतील. पण त्यावर उपाय निकष ठरवण्याचा आहे, फ्रान्ससारखा. एका विशेषणावर सगळं सोपवून देण्याचा नाही.

गोव्यात आणखी एक गोंधळ आहे. इथे ‘मेडिक्लेम’ म्हटलं की काहींना खासगी पॉलिसी आठवते, काहींना सरकारी इस्पितळात न मिळणाऱ्या उपचारांसाठी राज्याने चालवलेली अर्थसाहाय्याची योजना. दोघं एकाच शब्दावरून बोलत असतात आणि नियम भलतेच सांगत असतात.

शल्यविशारदांची सावधगिरी वेगळी, आणि ती रास्त आहे. वजन किमान सहा महिने स्थिर हवं. जठराच्या बायपासनंतर हे साधारण वर्ष-दीड वर्षाने येतं. प्रथिनं, लोह, बी-12 कमी असेल तर जखम भरत नाही. धूम्रपान चालत नाही. टाक्यांखाली पाणी साचणं, जखम उसवणं, पायांत रक्ताची गाठ होणं, हे धोके लांब चिरेबरोबर येतात, म्हणून पोट, दंड, मांड्या असं टप्प्याटप्प्याने करतात. कातडी काढलेल्यांचं वजन अधिक काळ टिकल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण ज्यांचं वजन टिकलेलं असतं त्यांनाच टेबलावर घेतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

2025च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये वजन उतरवणारी दोन नवी इंजेक्शनं भारतात आली. आता शस्त्रक्रिया न करताही पंधरा-वीस टक्के वजन उतरवणारे लोक कातडीची तक्रार घेऊन येणार. सहाव्या अपवादाचा त्यांच्याशी संबंधच नाही, आठवा मात्र जशाचा तसा लागू.

तोवर जाणकार डॉक्टर एकच सल्ला देतात. प्रत्येक चट्ट्याला त्वचारोगाच्या ओपीडीत जा, केसपेपर जपा, तारखेसह फोटो काढून ठेवा. जुलैत फुटलेलं पुरळ जानेवारीत विमा कंपनीकडून तपासायला आलेल्या माणसाला दिसत नाही.