खोकताना निसटते की घाईत थांबत नाही? लघवी गळण्याच्या दोन वेगळ्या तक्रारी

‘लघवी गळते ना, मग केगल कर.’ ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या या व्यायामाचा सल्ला बायका एकमेकींना इतक्या सहज देतात की लघवी नेमकी केव्हा गळते, हे विचारायचंच राहून जातं. विचारलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर येतं. काहींची खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना निसटते. काहींना अचानक इतकी जोरात लागते की शौचालय गाठेपर्यंत धीर धरवत नाही. ओले कपडे दोन्हीकडे सारखेच, पण बिघाड वेगळ्या जागी आहे आणि उपायही वेगळे आहेत. तरी दोघींच्या हातात एकच पॅड आणि एकच वाक्य दिलं जातं: वय झालं की चालायचंच. हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. वयाबरोबर ही तक्रार वाढते हे खरं, पण म्हणून ती सोसायची असते असं नाही.

पहिली तक्रार सगळ्यांच्या ओळखीची आहे, म्हणून थोडक्यात. खोकल्याने पोटातला दाब एकदम वाढून मूत्राशयावर येतो आणि मूत्रमार्गाला खालून आधार देणारे, तो मिटून ठेवणारे स्नायू त्या दाबापुढे टिकत नाहीत. योनिमार्गाने झालेली बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, शौचाला रोज कुंथावं लागणं, ही नेहमीची कारणं. इथे मूत्राशयाचं स्वतःचं काम बिघडलेलं नसतं.

दुसरीत नेमकं तेच बिघडलेलं असतं. मूत्राशयाची भिंत म्हणजे एक स्नायूच आहे. लघवी साठत असताना तो सैल राहायला हवा आणि शौचालयात बसल्यावरच आकसायला हवा. इथे तो मधेच, आपली इच्छा नसताना आकसतो. कडी नीट लागलेली असूनही दाराला आतून धक्का बसावा, तसं हे. घराचं कुलूप उघडताना किंवा नळाचं पाणी वाहताना लघवीची कळ येते, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, रात्रीही उठावं लागतं, आणि गळते तेव्हा थेंब नव्हे, बरीच गळते.

आता खरा घोळ. ‘दिवसातून किती वेळा जाता?’ या प्रश्नावरून तक्रार ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं. जिची लघवी खोकताना निसटते, ती भीतीपोटी घरातून निघताना, प्रवासाआधी, कामाला बसण्याआधी, दर वेळी जाऊन येते. तिचाही आकडा दहावर जातो. म्हणून विचारायला हवं: गेलात तेव्हा लागली होती, की लागू नये म्हणून गेलात?

खोकलाही असाच फसवतो. खोकल्याबरोबरच चार थेंब निसटले आणि खोकला थांबताच तेही थांबले, तर ते दाबाने. पण खोकला होऊन गेला, क्षणभराने जोरात कळ आली आणि मग धार लागली, तर खोकल्याने मूत्राशयाच्या स्नायूला चिथावलेलं असू शकतं. सांगताना मात्र दोघीही ‘खोकल्यावर होते’ एवढंच म्हणतात.

याच्या उलटही घडतं. खुर्चीतून उठून शौचालयाकडे चालताना गळली, की उठल्या-चालल्यामुळे गळली असं वाटतं. पण त्या उठल्या कशासाठी? कळ आधीच आली होती म्हणून. त्यामुळे मी बाकी सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारायला सांगेन: आधी काय झालं, हालचाल की कळ?

आठवणीवर विसंबू नका. सलग तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता काय आणि किती प्यायलात, मापाच्या भांड्यात किती लघवी झाली, कधी गळली आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं. ही तीन दिवसांची वही आणि लघवीची साधी तपासणी, सुरुवातीला मी यालाच सगळ्यात जास्त मोल देते. तपासणी यासाठी, की जंतुसंसर्गानेही अशीच घाईची लागते. दोन्ही तक्रारी एकत्र असणंही मुळीच दुर्मीळ नाही. मग जी जास्त छळते तिच्यापासून सुरुवात करायची.

लघवीतून रक्त येत असेल, दिवसरात्र सतत गळत असेल, किंवा पोट तट्ट असूनही नीट न होता नुसती ठिबकत असेल, तर वही-बिही न करता आधी डॉक्टरांकडे जा. जांघांमध्ये अचानक बधिरपणा आला असेल तर त्याच दिवशी, तातडीने.

दाबाने निसटणाऱ्या लघवीवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा पहिला उपाय, आणि चांगला उपाय. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला तेव्हा स्नायू किती जोराने आवळला जातो हे मोजणारं उपकरणही ते वापरत. ते मोजणं मागे पडलं आणि ‘आवळा आणि सोडा’ एवढंच उरलं. परिणामी कित्येक जणी स्नायू आत-वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणजे उलटाच व्यायाम करतात. श्वास रोखला जात असेल, मांड्या किंवा कुल्ले आवळले जात असतील, तर काहीतरी चुकतंय. जाणकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. मग एका वेळी निदान आठदा आवळणं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. शिंक येतेय असं जाणवताच आधी आवळून घ्यायची सवयही लावा. लघवीची धार मधेच थांबवणं हा मात्र रोजचा व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात अडथळा येतो. आणि वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा खरोखर उपयोग होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या स्त्रियांचं आठवड्यातलं गळणं ४७ टक्क्यांनी कमी झालं होतं.

घाईच्या लघवीत शिकायचं असतं ते थांबायला. कळ आली की धावायचं नाही. जागेवर थांबायचं किंवा बसायचं, तेच स्नायू चार-पाच वेळा झटपट आवळायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग सावकाश चालत जायचं. त्या आवळण्याने मूत्राशयाचा स्नायू शांत व्हायला मदत होते, म्हणजे व्यायाम इथेही आहे, हेतू वेगळा. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं, निदान सहा आठवडे. चहा-कॉफी कमी करा. पाणी तोडू नका, लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं आणि बद्धकोष्ठानेही भर पडते.

एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत, पण त्या घाईच्या तक्रारीसाठी. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होते, आणि वयस्कर स्त्रियांमध्ये स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची काळजी असते. मिराबेग्रॉन वेगळ्या पद्धतीने काम करतं, त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. खोकताना निसटणारी लघवी यांपैकी कशानेही थांबायची नाही.

आणि उलटपक्षी, मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याचं ऑपरेशन दाबाच्या तक्रारीसाठी असतं. ते घाईवरचा उपाय नव्हे, काहींना तर त्यानंतर घाई नव्याने सुरू होते. प्लॅस्टिकच्या जाळीच्या पट्टीमुळे झालेल्या त्रासाच्या तक्रारींनंतर इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा वापर थांबवून ठेवण्यात आला. म्हणून ऑपरेशन सुचवलं गेलं तर वही पुढे ठेवा आणि स्पष्ट विचारा: माझी तक्रार दाबाची आहे हे कशावरून ठरवलंत, घाईचा भाग किती आहे, आणि जाळीऐवजी माझ्याच शरीरातल्या ऊतीची पट्टी वापरता येईल का?